रणगाड्याला कान बसवताना

मोबाइल बंद करून घरीच ठेवा. आपण जिथे चाललोय तिथे त्याला टॉवर मिळणार नाही. पाकीटही रिकामं करा. तुमच्या नोटांवर ज्या माणसाचं चित्र आहे, त्याला सरकारनं सध्या पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कोंडून ठेवलंय. तसली नोट मोऱ्याच्या धक्क्यावर बाहेर काढलीत, तर लाँच चुकेल आणि चौकी गाठावी लागेल.

मोरा बंदर, जानेवारी १९४४

तुम्ही उरणच्या उत्तर टोकाला, कुलाबा जिल्ह्यातल्या मोऱ्याच्या धक्क्यावर उभे आहात. वय वीस. अंगावर नवा खाकी सदरा, खांद्याला किटबॅग. मागे मिठागरं, त्यांच्या पलीकडे द्रोणागिरी. समोर घारापुरी आणि तिच्या पलीकडे धुरकट मुंबई. शेजारी बसलेली कोळीण पाटी पायाशी ओढून घेते आणि तुमच्याकडे बघते.

"कुठं चाललास रं पोरा?"

"नगरला, मावशी. फौजेत."

"बंदूक मारायला?"

"नाही. रणगाड्यात रेडिओ बसवायला."

ती खो खो हसते. "लढाई करताना गाणी ऐकनार काय रं?"

तिचं चूक नाही. कितीतरी सेनापतींनाही अगदी काल-परवापर्यंत असंच वाटत होतं. पहिल्या महायुद्धातले रणगाडे झेंडे दाखवून एकमेकांशी बोलत आणि निरोप कबुतरांच्या पायाला बांधून मागे धाडत. १९३१ साली ब्रिगेडियर चार्ल्स ब्रॉड यांनी सॅलिसबरीच्या माळावर अख्खी रणगाडा ब्रिगेड वायरलेसवरून हलवून दाखवली, तेव्हा कुठे पटायला लागलं. १९४० साली फ्रान्सकडे जाड चिलखताचे रणगाडे भरपूर होते, पण त्यांतल्या बहुतेकांत वायरलेस नव्हता. जर्मनांच्या रणगाड्यांत होता. पुढं काय झालं ते तुम्ही शाळेत शिकला आहात.

लाँच सुटते. बंदरात राखाडी रंगाची जहाजं दाटीनं नांगरलेली आहेत. गोद्यांच्या याऱ्या मोठाल्या लाकडी पेट्या उतरवताहेत. व्हिक्टोरिया डॉककडे तुमची नजर पुन्हा पुन्हा जाते. १४ एप्रिलला तिथे 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट होणार आहे हे या लाँचवर फक्त तुम्हाला ठाऊक आहे. पण या सफरीचा नियम असा, की इतिहासाला बोट लावायचं नाही. हात चालवायचा तो फक्त नेमून दिलेल्या कामावर.

शिवडी

त्या लाकडी पेट्यांतून गाड्या येतात. कॅनडातून निघालेले बुटक्या नाकाचे शेवरले आणि फोर्ड ट्रक सुट्या भागांत मुंबईला पोचतात आणि इथे जोडले जातात. शिवडीत जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून आहे. पूर्वी तिथून शेटजींच्या मोटारी बाहेर पडत. आता लष्कराचे ट्रक पडतात. बांधणी कॅनडाची, पण स्टिअरिंग उजवीकडे, कारण गाडी ब्रिटिश फौजेच्या नमुन्यानं बांधलेली.

काही ट्रक नुसतं सामान वाहायला. काहींच्या मागं मात्र पेटीसारखी बंद खोली, आत टेबल, खुर्ची, वर अँटेना बसवायची जागा. ही वायरलेसची गाडी. तिचं बॉनेट उघडून बघा. प्रत्येक स्पार्क प्लगच्या तारेत एक छोटा रोध बसवलाय. डायनामोला कपॅसिटर जोडलेत. बॉनेट, मडगार्ड, रेडिएटर हे सगळं तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी चेसिसला बांधून टाकलंय. कशासाठी, ते नगरला कळेल.

नगरची गाडी

बोरीबंदरहून सुटलेली गाडी घाट चढून खडकीला येते. खिडकीतून बाहेर बघा. इंग्लंडशी थेट बोलणारं बीम वायरलेसचं प्रक्षेपण केंद्र या खडकीतच आहे. त्याची सेवा २३ जुलै १९२७ ला सुरू झाली. पाठवायचं खडकीहून आणि तिकडून आलेलं ऐकायचं दौंडला, कारण स्वतःच्या प्रक्षेपकाच्या गोंगाटात दूरचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. नगरला जायला तुम्ही गाडी बदलणार तीही दौंडलाच. म्हणजे बोलण्याचं आणि ऐकण्याचं अशी दोन्ही केंद्रं तुमच्या एका तिकिटात बसली.

पुण्यात आणखी एक पत्ता लक्षात ठेवा: येरवडा. काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहता शिक्षा झाल्यावर तिथल्या तुरुंगात गेल्या. १९४२ च्या ऑगस्टपासून मुंबईत जागा बदलत बदलत हे गुप्त केंद्र चाललं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली. ते ४२.३४ मीटरवर बोलत असे. हा आकडा जपून ठेवा.

अहमदनगर, फायटिंग व्हेइकल्स स्कूल

भुईकोट किल्ला उजाडताच दिसतो. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणी १९४२ च्या ऑगस्टपासून त्याच्या आत आहे. किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर छावणीत रणगाडे घरघरतात. ज्यांचा आवाज बंद केलाय आणि ज्यांना आवाज पोचवायला शिकवलं जातंय, ते दोघे एकाच गावात.

तुमची पलटण नवी कोरी आहे. इंडियन इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स हे दल १९४३ सालीच उभं राहिलं. लढाई आता इतकी यंत्रांवर चालली आहे, की ती दुरुस्त करणाऱ्यांची वेगळी फौज लागते. तुम्हाला शिकवणारा हवालदार साताऱ्याकडचा. तुमच्याकडे एकदा बघून तो समोरच्या हिरव्या रणगाड्याकडे मान वळवतो.

"ह्यो व्हॅलेंटाइन. तोफ हाय, चिलखत हाय, पर बहिरा हाय. आज त्येला कान बसवायचं."

शेडमध्ये जमिनीवर सामान मांडलंय. मधला काळा खोका म्हणजे वायरलेस सेट नंबर १९. ब्रिटनच्या पाय कंपनीनं तो खास रणगाड्यासाठी तयार केला. कॅनडातही तो बनतो, आणि तिथल्या सेटच्या तोंडावर इंग्रजीखाली रशियन अक्षरं छापलेली असतात, कारण हाच सेट रशियालाही जातोय. एका खोक्यात तीन वेगळ्या सोयी आहेत. 'ए' सेट २ ते ८ मेगासायकलवर (आजच्या भाषेत मेगाहर्ट्झवर) चालतो आणि काही मैलांवरच्या तुकड्यांशी बोलतो. 'बी' सेट २३५ मेगासायकलच्या आसपास, शेजारच्या रणगाड्यांपुरता, मैलभराच्या आत. तिसरी सोय आयसी, म्हणजे रणगाड्यातल्या माणसांनी आपापसात बोलण्याची.

"सगळ्यात जास्त कामाला काय येतं?" हवालदार विचारतो.

तुम्ही सांगता, "ए सेट."

"न्हाय. आयसी. इंजिन चालू झालं की मांडीला मांडी लावून बसलेल्याचं बोलनं ऐकू येत न्हाय. कमांडरनं वरून ड्रायव्हरला 'थांब' म्हनलं आन् त्येला ऐकू गेलं न्हाय, तर रणगाडा खड्ड्यात. दहा मैलांवरच्या जनरलचं बोलनं मागनं."

आता आत उतरा. डोकं सांभाळा; पहिल्या दिवशी प्रत्येकाला टेंगूळ येतं. या व्हॅलेंटाइनच्या टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, दोघांचीच जागा आहे. एक तोफ चालवणार. दुसरा कमांडर. तो बाहेर बघणार, हुकूम देणार, तोफेत गोळा भरणार आणि वायरलेसही तोच सांभाळणार. पुढच्या नमुन्यांत तिसरा माणूस आला त्याचं कारण हेच. ब्रिटिश पद्धतीत मग गोळा भरणारा लोडर हाच वायरलेस ऑपरेटर ठरला.

पहिलं काम ट्रेचं. टरेटच्या मागच्या भागात, जिथे चिलखत बाहेर फुगलंय, तिथे लोखंडी ट्रे बोल्टांनी आवळायचा. सेट त्यावर सरकवायचा आणि त्याच्या बाजूला वीजपुरवठ्याचा खोका. दोन्ही मिळून वजन एकट्यानं उचलायचं नाही. या दुसऱ्या खोक्यात बॅटरीच्या १२ किंवा २४ व्होल्टवर फिरणारं छोटं यंत्र आहे. ते सेटला ऐकण्यासाठी पावणेतीनशेच्या आसपास आणि बोलण्यासाठी पाचशेच्या घरातले व्होल्ट पुरवतं. हवालदार इथे आवाज चढवतो: जोडणी चालू असताना बॅटरी सुटलेलीच पाहिजे. पाचशे व्होल्ट माणूस ओळखत नाहीत.

दुसरं काम अँटेनाचं. टरेटच्या छतावर भोक तयार आहे, पण त्याच्या कडेला कारखान्याचा हिरवा रंग चढलाय. तुम्ही अँटेनाचा तळ बसवायला घेता आणि हवालदार तुमचा हात धरतो.

"रंग खरवड. लोखंड पांढरं दिसलं पायजे."

रणगाड्याचं अख्खं धूड हेच अँटेनाचं अर्थिंग आहे. मध्ये रंगाचा थर राहिला, तर नुसती काठी उभी राहते. काम होत नाही. तुम्ही कानशीनं रंग काढता. रबराचा तळ घट्ट बसवता. त्यात एकात एक अडकणाऱ्या पोकळ दांड्या उभ्या करता. 'बी' सेटची अँटेना वेगळी, अगदी आखूड, आणि तिचा तळही वेगळा.

अँटेनाच्या अगदी जवळ, टरेटच्या आतल्या बाजूला, एक डबा बसतो. त्याचं नाव व्हेरिओमीटर. आत तारेची दोन वेटोळी, त्यांतलं एक फिरतं. आठ फुटांची काठी दोन मेगासायकलच्या लहरीला फारच आखूड पडते; हा डबा ती उणीव भरून काढतो. तो सेटजवळ न लावता अँटेनाजवळ का लावायचा, हे विचारायची तुम्हाला गरज पडत नाही. रेडिओ उघडलेल्या माणसाला कळतं, की मधली तार जितकी लांब तितकी ताकद वाटेत सांडणार.

मग तारांचं जाळं. सहा टोकांची केबल वीजपुरवठ्याच्या खोक्यातून सेटला. बारा टोकांची सेटमधून कंट्रोल बॉक्सना. कमांडरच्या बॉक्सवर 'ए', 'बी' आणि 'आयसी' असं फिरवायचं बटण. तोफवाल्याचा बॉक्स. ड्रायव्हरचा मात्र खाली, पुढे, रणगाड्याच्या धडात. आणि इथे खरी मेख आहे. टरेट फिरतो, ड्रायव्हर फिरत नाही. त्याच्याकडे सरळ तार नेलीत, तर टरेटच्या दुसऱ्याच फेरीत ती पिळून तुटेल. म्हणून टरेटच्या खाली मध्यभागी एक गोल जोड असतो. त्यात तांब्याच्या कड्या, आणि त्यांवर घासत फिरणारे ब्रश. वीज वर चढते ती इथूनच आणि बोलणं खाली उतरतं तेही इथूनच.

"झालं?" हवालदार विचारतो.

"झालं."

"मग टरेट फिरव. पुरा गोल. दोन्ही बाजूनं."

तुम्ही फिरवता. पाऊण फेरीला कुठेतरी करकर होते. कमांडरच्या हेडफोनची तार गोळ्यांच्या कप्प्याच्या कडेला अडकलीय. लढाईत ती तुटली असती आणि कुणाला कारणही कळलं नसतं. तुम्ही तार सोडवता, क्लिपनं वर बांधता, पुन्हा फिरवता. हवालदार शाबासकी देत नाही. नुसता पुढच्या कामाकडे वळतो. या धंद्यात तीच शाबासकी.

गोंगाटाची पारख

बॅटरी जोडा. खटका वर. वीजपुरवठ्याच्या खोक्यातून बारीक सूर चढत जातो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबा. मीटरचा खटका एकेका जागी फिरवून बघा: बॅटरी ठीक, दोन्ही उच्च दाब ठीक. हेडफोन कानाला लावा. खरखर येते. कान जिवंत झाला.

व्हॅलेंटाइनचं हे इंजिन डिझेलचं आहे, त्यात स्पार्क प्लग नाहीत, त्यामुळे तुम्ही लवकर सुटता. खरी परीक्षा शिवडीहून आलेल्या शेवरले ट्रकमध्ये. हवालदार तुम्हाला मागच्या खोलीत बसवतो आणि पुढे जाऊन इंजिन चालू करतो. कानात टिक-टिक-टिक सुरू होते. त्यानं अॅक्सिलरेटर दाबला, की टिकटिक दाटते. हा स्पार्कचा आवाज. एखाद्या प्लगचा रोध गेलाय. बारीक कण्हल्यासारखा सूर इंजिनच्या वेगाबरोबर चढत असेल, तर तो डायनामो. आणि गाडी खड्ड्यातून गेली की मधूनच कडकड होत असेल, तर मडगार्डची तांब्याची पट्टी सैल झालीय. दोन पत्रे एकमेकांना घासून ठिणगी टाकताहेत.

शिवडीत बॉनेटखाली पाहिलेल्या पट्ट्यांचा अर्थ आता लागला. प्रत्येक पेट्रोल इंजिन हा एक छोटा प्रक्षेपकच असतो. त्याला आधी गप्प केलं नाही, तर शेजारी बसवलेल्या सेटला दुसरं काही ऐकूच येणार नाही. गाडीत वायरलेस बसवण्याचं निम्मं काम गाडीला गप्प करण्याचं आहे.

दुपारी माळावर सगळे सेट एका लहरीवर जुळवायचे. त्याला नेट म्हणतात. मुख्य केंद्र हाक देतं. तुम्ही 'नेट'चा खटका दाबून चकती फिरवता. कानात तीक्ष्ण शिट्टी येते, ती जाड होत जाते, घुमते आणि एका बिंदूवर नाहीशी होते. शिट्टी संपली तिथे तुमची आणि त्यांची लहर एक झाली. तिथेच चकती आवळून टाकायची. व्हेरिओमीटर फिरवून मीटरचा काटा चढेल तितका चढवायचा. सेटवर तांबडी आणि निळी अशा दोन खुणा आहेत. दोन लहरी आधीच लावून ठेवल्या, की एका झटक्यात इकडून तिकडे जाता येतं.

संध्याकाळी शेडमध्ये तुम्ही एकटेच आहात. खिशातला तो आकडा आठवा. ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७.०८ मेगासायकल. 'ए' सेटच्या पट्ट्यात नीट बसतो. चकती सातच्या थोडी पुढे न्या. आता तिथे खरखरच आहे. केंद्र बंद पडून सव्वा वर्ष होत आलं. पण १९४२ च्या त्या अडीच महिन्यांत राजाच्या फौजेसाठी बनलेला हा सेट इथे फिरवला असता, तर त्याच्या हेडफोनमध्ये स्वातंत्र्याची बातमी ऐकू येऊ शकली असती. यंत्राला निष्ठा नसते.

बसंतर, १६ डिसेंबर १९७१

जवळपास अठ्ठावीस वर्षं पुढे उडी, भारत-पाकिस्तान युद्धात. कडाक्याची थंडी, शकरगडचा मुलूख, जरपाल गाव. तुम्ही सेंच्युरियनच्या टरेटमध्ये लोडर-ऑपरेटरच्या जागेवर आहात. रणगाडा ब्रिटिश बनावटीचाच. आत रोल्स-रॉइसचं मीटिऑर पेट्रोल इंजिन, बारा सिलिंडरचं, म्हणजे गप्प करायला चोवीस प्लग. टरेट प्रशस्त आहे, पण मांडणी तुमच्या ओळखीची: मागे सेट, छतावर अँटेनाचे तळ, प्रत्येकाच्या छातीशी आयसीची तार.

रेजिमेंट १७ हॉर्स, म्हणजे पूना हॉर्स. नेटवर तुम्हाला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्या रणगाड्याची हालचाल ऐकू येते. रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. खेत्रपाल पुण्यात जन्मलेले, वय एकवीस, कमिशन मिळून सहा महिने झालेले. त्यांच्या रणगाड्यावर मारा होतो, तो पेट घेतो. वरून हुकूम येतो: रणगाडा सोडा. उत्तर येतं, की तोफ अजून चालते आहे, रणगाडा सोडणार नाही. त्यानंतर त्यांनी सेट बंद केला. लढत लढत ते तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

हे उत्तर आज देशाला पाठ आहे, ते का, याचा क्षणभर विचार करा. जळत्या रणगाड्यातला माणूस काय म्हणाला ते नेटवरच्या सगळ्यांनी ऐकलं. कुणीतरी कधीतरी रंग खरवडून तळ बसवला होता, तार क्लिपनं वर बांधली होती, टरेट पुरा गोल फिरवून बघितला होता.

अहिल्यानगर (तेव्हाचं अहमदनगर), आज

मोबाइल काढा, टॉवर आला. नगरला १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन असे जुने ब्रिटिश गडी रांगेनं उभे आहेत. 'फामागुस्ता'ही याच गावात, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय. लोक तोफेवर हात ठेवून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही टरेटच्या छताकडे बघा. अँटेनाचे दोन तळ शेजारी दिसले, एक उंच काठीचा आणि एक आखूड काठीचा, तर आत कधीकाळी नंबर १९ होता असं समजायला हरकत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुनी लष्करी गाडी रंगवून, टायर काळे करून आणि वर एक खोटी काठी लावून पुरी होत नाही. वायरलेसशिवाय ठेवलेला रणगाडा हा अर्धाच इतिहास आहे. संग्रहालयानं एका तरी टरेटमध्ये खरा सेट, खरे कंट्रोल बॉक्स आणि हेडफोन बसवून ते काचेआडून दाखवावेत. शाळकरी मुलांना तोफेइतकंच ते आवडेल. ज्यांच्याकडे महायुद्धातली जीप किंवा ट्रक आहे आणि सेटही मिळालाय, त्यांनी तो घाईनं बॅटरीला लावू नये. गाडी किती व्होल्टची आहे ते आधी बघावं. जुने कागदी कपॅसिटर बदलावेत. नंतर पाचशे व्होल्टचा मान राखत, जाणकाराला शेजारी बसवून दाब हळूहळू चढवावा. आणि बोलायचं असेल, तर आधी परवाना काढावा.

तो परवाना हौशी रेडिओचा. त्याची परीक्षा बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणाही भारतीय नागरिकाला देता येते. तो मिळाला, की ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा तुम्हाला खुला होतो. काँग्रेस रेडिओची ७.०८ ची लहर याच पट्ट्यात येते. जिथं बोलल्याबद्दल उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली, तिथं आज तुम्ही कायद्यानं बोलू शकता. अर्ज भरा.